मोकळीक आणि पगार

अनिल अवचट (१९४४–२०२२) पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, पण दवाखान्यात रमले नाहीत. हमालांत, हळद कामगारांत फिरले, त्यांच्यावर लिहीत राहिले. लाकूड कोरणं, बासरी, कागदाच्या घड्या हे छंदही त्यांनी मनापासून जोपासले. मराठी वाचक या आयुष्याकडे ‘करिअर सोडून मिळवलेली मुक्ती’ म्हणून पाहतो. मला हे वाचन अपुरं वाटतं.

‘स्वतःविषयी’ वाचताना मला ते घर महत्त्वाचं वाटतं. सुनंदा अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या, सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करत. घराला आधार त्यांच्या पगाराचा होता. मुलींचं संगोपन अवचटांनी हौसेनं केलं. साध्या, बोलीच्या वळणाच्या गद्यात ते हे सांगतात, त्यागाचा आव न आणता. पुरुषाच्या यशाचं नेहमीचं माप इथे सहज बाजूला पडतं. तरी वाटतं, त्याच वर्षांची हकीकत सुनंदाबाईंनी लिहिली असती, तर ‘मोकळीक’ हा शब्द त्यांनी कुठे वापरला असता?

‘गर्द’वरच्या अवचटांच्या लेखांनंतर, १९८६ साली, दोघांनी मिळून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्याचे रोजचे उपचार सुनंदाबाईंच्या वैद्यकीने उभे केले. त्याने सोडलेला पेशा तिने धरून ठेवला होता. अवचटांच्या स्वातंत्र्याचं कौतुक करताना हा हिशेबही मांडायला हवा.