हौद्यातली मांडणी

मागचा फाळका पाडला की आधी हाताला लागते ती चहाची पेटी. पातेलं, गाळणं, साखरेचा नि चहापत्तीचा डबा, आल्यासाठी किसणी, काड्यापेटी आणि स्टीलचे पेले. एवढंच तिच्यात आहे. दोन्ही अंगांना सुती दोरीचे कान आहेत, त्यामुळे एकटा माणूस ती उचलून रस्त्याच्या कडेला ठेवतो आणि झाकण उलटं टाकून त्यावरच पेले मांडतो. शेगडी तिच्या लगतच उभी. पहाटेच्या अंधारात, कार्तिकातल्या थंडीत, अर्धवट झोपेतल्या माणसाला बाकी कशालाही हात न लावता चहा चढवता यावा, म्हणून हौद्यातला सगळ्यात मोक्याचा कोपरा या पेटीला दिलेला आहे. तांदळाचं पोतं नाही, तंबू नाही, चहा. चहा झाल्याशिवाय दिंडी हलत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच ही जागा ठरवली असणार.

दिवा गावातून आळंदीच्या कार्तिकी वारीला पायी जाणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांच्या दिंडीची ही गाडी. गाडी म्हणजे पिकअप, तीही भाड्याची. तिच्या मोकळ्या हौद्यात दरवर्षी प्लायवुडची एक मांडणी बसवली जाते आणि दिंडी परतली की उतरवली जाते. कवितेचं रसग्रहण आपण करतो, चित्राचं, एखाद्या बंदिशीचंही करतो. सुतारकामाचं सहसा कोणी करत नाही. फार तर ‘काम बरं झालंय’ म्हणतो आणि पैसे देतो. पण ही मांडणी मला फळीफळीनं वाचावीशी वाटते, कारण तिच्यातली एकही फळी विचार केल्याशिवाय बसलेली नाही.

मुंब्रा आणि कोपर यांच्या मधलं दिवा म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं, लोकलची गर्दी आठवते, गणपतीत भरून वाहणारी सावंतवाडीची गाडी आठवते. स्टेशनच्या आधीपासून इथं आगरी-कोळ्यांचं गाव आहे, आणि या पट्ट्यात वारकरी संप्रदायाची मुळं खोल आहेत. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला सावळाराम महाराज म्हात्रे या कीर्तनकाराचं नाव आहे, यावरूनच ते कळावं. आषाढीला पंढरपूर असतंच, पण कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठणाऱ्या पायी दिंड्याही ठाणे-रायगडातून निघतात. 1296 साली कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या सोहळ्यासाठी. वाट शीळफाट्यावरून पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा, देहू अशी. द्रुतगती मार्गावर पायी चालायला बंदी, म्हणून सगळी चाल जुन्या रस्त्यानं. पूर्वी दिंडीचं ओझं बैलगाड्या वाहत. आता आषाढीच्या मोठ्या दिंड्यांबरोबर ट्रक असतात, छोटीला पिकअप पुरते.

हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, त्यावर लोखंडी पाइपांची कमान आणि ताडपत्री. जागा एवढीच. तिच्यात पन्नास माणसांचं पाच-सहा दिवसांचं जेवण, पाणी, अंथरूण, तंबू, दिवे, वाद्यं आणि प्रत्येकाची एक पिशवी बसवायची. हा प्रश्न जागेचा वाटतो आणि पहिल्यांदा भरणारा तो तसाच सोडवतो: मोठं सामान आधी, बारीक मागाहून, फटीत मावेल ते. सामान मावतं. मग दुपारी पळी हवी असते, आणि ती सात गाठोड्यांच्या खाली असते.

या मांडणीनं प्रश्न वेळेचा आहे असं धरलं आहे. हौद्यातली प्रत्येक वस्तू ती दिवसात केव्हा लागते त्याप्रमाणे बसली आहे. पहाटेचं सगळं मागच्या फाळक्याशी. दुपारचं डाव्या फाळक्याशी. रात्रीचं उजव्या. दिवस जसा पुढे सरकतो तसे फाळके एकेक करून पडतात, आणि पहिल्याचं काम संपल्याशिवाय दुसरा उघडावा लागत नाही. मला तिच्यातलं सगळ्यात मोठं सौंदर्य इथं दिसतं. दिंडीचा दिनक्रम लाकडात उतरला आहे.

आणि बाजू निवडतानाही डोकं चाललं आहे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडे थांबते. म्हणजे डावा फाळका कडेच्या गवताकडे पडतो नि उजवा धावत्या रहदारीत. स्वयंपाक करणाऱ्या बायका गाडीच्या नि शेताच्या मध्ये उभ्या राहतात, ट्रकच्या वाऱ्यात नाही. उजवीकडे अंथरुणं, सतरंज्या, तंबूच्या काठ्या असं फक्त रात्रीचं सामान, कारण तो फाळका मुक्कामावर, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात गाडी आत घेतल्यावरच उघडायचा असतो. रस्त्यावर तो बाहेरून दोरीनं बांधून टाकलेला असतो, घाईत कोणी उघडू नये म्हणून.

अमेरिकेत पिकअपच्या हौद्याची घरं करण्याची हौस जुनी. लेखक जॉन स्टाइनबेक 1960 साली अशाच गाडीतून देशभर फिरला. डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव त्यानं रोसिनांते ठेवलं होतं आणि 1962 साली त्या प्रवासाचं पुस्तक आलं. तिकडच्या हौद्याला बाजूचे फाळके पडत नाहीत, चाकांचे उंचवटे आत आलेले असतात, म्हणून तिथले हौशी लोक मागून केबिनपर्यंत जाणारे लांबच लांब खण करतात आणि वर झोपायची फळी टाकतात. आपल्या या गाडीचा हौदा सपाट आणि तीन बाजूंनी उघडणारा. त्यामुळे इथं सामान लांबीनं ओढावं लागत नाही, आडवं हाती येतं. दिव्याच्या सुतारानं परदेशी नमुना पाहिला असता तर कदाचित त्याची नक्कल झाली असती. त्यानं समोरचा हौदा पाहिला, हे फार बरं झालं.

सुतार कोकणातून येऊन दिव्यात राहिलेले. वर्षभर त्यांचं काम पलावा वसाहतीच्या बाजूच्या नव्या सदनिकांत, स्वयंपाकघरं नि कपाटं बसवण्याचं. तिथून उरलेले प्लायचे तुकडे या मांडणीत आले आहेत, म्हणून तिच्यावरचा सनमायका कुठे शिसवी, कुठे पांढरा, एका खणात चक्क आकाशी. मला हा रंगीबेरंगीपणा आवडतो, आणि त्याचा उपयोगही होतो: ‘आकाशीतला डबा दे’ म्हटलं की नवख्यालाही कळतं.

डावीकडची रांग मात्र तुकड्यांत जमेल तशी झालेली नाही. तिला माप आहे आणि ते माप पंधरा किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं आहे. चौकोनी डबा, बाजू साडेनऊ इंचांच्या आतबाहेर, उंची चौदा. खण आतून दहा इंचांचा, वर बोटं घालायला इंचभर मोकळीक. असे सहा खण ओळीनं. तांदूळ, डाळ, पोहे, रवा, गूळ, पीठ, सगळं त्याच डब्यांत भरलेलं. चौकोनी डबा असल्यानं कोपरे वाया जात नाहीत, झाकण पत्र्याचं असल्यानं उंदीर नि ओल आत जात नाही, आणि डबा फुटलाच तर वाटेतल्या कुठल्याही वाण्याकडे दुसरा मिळतो. विशेष माप घेऊन केलेला सुंदर डबा खोपोलीत हरवला तर काय करणार? जे सर्वत्र मिळतं तेच माप धरावं, ही अक्कल अनुभवानं येते.

फळ्या बारा मिलिमीटरच्या आहेत. घरच्या कपाटाला अठराची प्लाय वापरतात, पण आठ बाय चारची अठराची एक शीट तीसेक किलो भरते, आणि अशा तीन-चार लागल्या तर एका माणसापेक्षा जास्त वजन नुसत्या लाकडाचं. पातळ फळी वाकते, हे खरं. जाडी निम्मी केली तर तेवढ्याच ओझ्याखाली फळी आठपट वाकते. त्यावर उपाय असा, की प्रत्येक फळीच्या पोटाला, मधोमध, सागाची उभी पट्टी स्क्रू आणि फेव्हिकॉल लावून बसवली आहे. वजन वाढलं मूठभर, ताकद वाढली कितीतरी. खाली वाकून, बोटांनी चाचपलं तरच ही पट्टी कळते. समोरून ती दिसतही नाही.

घरातल्या कपाटाला घसरते चॅनेल लावतात. इथं एकही चॅनेल नाही. धुळीनं ते अडतात आणि चढावर आपोआप उघडतात. त्याऐवजी भांड्यांचा मोठा खण दोन लाकडी पट्ट्यांवर सरकतो, पट्ट्यांना मेणबत्ती चोळलेली. समोर चौकटीला अर्ध्या इंचाचा उंबरा आहे. खण बाहेर काढायचा तर आधी थोडा वर उचलावा लागतो, मग ओढायचा. गाडी कितीही हिंदकळली तरी तो स्वतःहून वर उचलला जात नाही. कडी नाही, कोयंडा नाही, तुटायला काही नाही. मी तो खण उगाचच पुन्हापुन्हा काढून आत ढकलला. हाताला त्यातून जे समाधान मिळतं ते चांगल्या रचनेचंच.

सिलिंडर मागच्या डाव्या कोपऱ्यात उभा आहे, आडवा कधीच नाही, पट्ट्यानं खांबाला आवळलेला. त्याच्या कप्प्याला वर जाळी नाही, खाली तळाशी दोन बोटांची फट सोडली आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. फट तळाला असेल तरच तो बाहेर पडेल. वर छान जाळी कापून ‘हवा खेळते’ म्हणणारे मी पाहिले आहेत. इथं दोन बोटांची साधी फट आहे आणि ती बरोबर जागी आहे.

पाणी केबिनच्या पाठीशी. दोनशे लिटरचा ड्रम सहज मिळाला असता, पण अर्धा झालेला ड्रम वळणावर हिंदकळतो आणि ते वजन गाडीला ओढतं. म्हणून वीस-वीस लिटरचे दहा जार, पाच-पाचच्या दोन रांगा. एक रिकामा झाला तरी बाकीचे भरलेलेच राहतात. आणि पाणी पुढे असण्याचं कारण बोरघाट. जुना घाटरस्ता 1830 साली खुला झाला, चढ तोच आहे. जड ओझं मागच्या चाकांच्या मागे असलं तर चढावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं. दोनशे किलो केबिनलगत बसवल्यावर ड्रायव्हरच म्हणाला, “आता गाडी जमीन धरते.” घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी तो तरीही थांबतो, पैसे वाहतो. ते त्याचं आणि शिंग्रोबाचं.

उजव्या बाजूला, अंथरुणांच्या वर, पखवाजाची जागा आहे, आणि सगळ्यात हळुवार हात इथंच फिरला आहे. पखवाज उभा ठेवला तर पुडीवर वजन येतं, म्हणून आडवा, दोन अर्धगोल खाचांमध्ये, जुन्या गोधडीच्या अस्तरावर. खाचा खोडाला टेकतात, पुडीला कशाचाही स्पर्श नाही. शेजारी झाकणाचा एक छोटा डबा, कणकेसाठी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तेव्हा तो घुमतो. ही कणीक रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या परातीतून येते. एवढ्या मोठ्या गाडीत त्या मुठीएवढ्या कणकेला स्वतःची जागा आहे. वीणेला मात्र जागा नाही, कारण वीणा खाली ठेवायची नसते. ती वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्या वीणेकऱ्याच्या गळ्यात जाते. पादुकाही पालखीत, माणसांच्या खांद्यावर. गाडीत काय ठेवायचं नाही हेही मांडणीत धरलेलं आहे.

कमानीच्या पाइपाला एक ओलं फडकं टांगलेलं दिसलं. त्यात मटकी. सकाळी भिजलेली बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड आलेली उतरवायची. स्टाइनबेकनं झाकणाच्या बादलीत कपडे, पाणी आणि साबण घालून ती गाडीत लोंबकळत ठेवली होती. रस्त्याच्या धक्क्यांनीच कपडे धुतले जात. दोघांनाही सुचलं ते एकच: गाडी चालते आहे तोवर तिच्याकडून आणखी एक काम करून घ्यावं. मटकीची उसळ कपड्यांपेक्षा बरी, असं माझं मत.

सगळ्या मांडणीत हौद्याला एकही भोक पाडलेलं नाही. “गाडी दुसऱ्याची, परत करायची आहे,” सुतारदादा एवढंच म्हणाले. फळ्या एकमेकींत खाचेनं बसतात, उभ्या खांबांना नट-बोल्ट, आणि सगळा सांगाडा हौद्याच्या बाहेरच्या आकड्यांना दोरीनं आवळलेला. कायद्यानंही हे सोपं पडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मालकाला मनमानी फेरफार करू देत नाही. दोरीनं बांधलेली मांडणी ही मालच, गाडीचा भाग नव्हे. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवायची नसतात, आणि दिंडीत ती बसतही नाहीत, चालतात. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आलं, पलंग-बाथरूमच्या गाड्यांसाठी. तो वेगळा प्रवास.

दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. पिशव्यांचा माळा फार उंच झाला आहे. दिंडीत बायका निम्म्याहून अधिक, त्यातल्या कित्येक साठीपुढच्या, आणि दिवसभर चालून आल्यावर स्वतःची पिशवी काढायला त्यांना कोणा तरुण पोराला हाक मारावी लागते. वस्तू वेळेप्रमाणे लावणाऱ्या माणसानं इथं हाताची उंची धरायला हवी होती. चहाच्या पेटीवर चढून काही जणी आता ते साधतात. पेटी मजबूत आहे म्हणून चालतं. दुसरी गोष्ट गंभीर: औषधांचा डबा अंथरुणांच्या मागे गेला होता. औषधाला वेळ नसते, म्हणून वेळेच्या या हिशोबात ते कुठेच बसलं नाही आणि सरतेशेवटी उरलेल्या जागी कोंबलं गेलं.

फळ्यांच्या पाठीवर रंगानं आकडे घातले आहेत, मराठीत, १ पासून, आणि प्रत्येकीवर बाणानं ‘केबिन’ लिहिलं आहे. दिंडी परतली की सांगाडा अर्ध्या दिवसात सुटतो. फळ्या देवळाच्या पोटमाळ्यावर जातात, डबे घरोघरी. यंदा जोडणी सुरू असताना मी औषधांचं बोललो. सुतारदादांनी मागच्या डाव्या खांबाकडे पाहिलं, छातीच्या उंचीवर पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि आकाशी सनमायक्याचा उरलेला तुकडा मागवला.