हिपहॉपचा जलसा आणि रसभंगाची कारणे

हिपहॉप या काव्य-संगीतप्रकाराच्या जाहीर जलशांविषयी त्याच्याच चाहत्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. ध्वनिमुद्रणात जी रचना श्रोत्याला भारून टाकते तीच रंगमंचावर फिकी वाटते. शब्द कळत नाहीत, गायकाचा दम तुटतो; आणि पुष्कळदा मुद्रित आवाजच वाजत राहून गायक त्यात अधूनमधून आपला आवाज मिसळतो. या निराशेचे खापर बहुधा कलावंताच्या आळसावर किंवा संयोजकांच्या गलथानपणावर फोडले जाते. ही कारणे खोटी नाहीत. तथापि ती पुरेशी नाहीत. कलावंत दक्ष आणि यंत्रणा उत्तम असतानाही श्रोता उदास परततो, तेव्हा त्या उदासीचे मूळ कलाप्रकाराच्या स्वरूपातच शोधणे प्राप्त होते.

हा प्रश्न केवळ महानगरातील श्रोत्यांचा नव्हे. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडीसारख्या गावातून पाहिले असता तो अधिक तीव्र होतो. मावची, कोकणा, भिली या बोलींच्या या टापूत मोबाइलच्या द्वारे रॅप सहज पोहोचतो. त्याचे मोठे जलसे मात्र मुंबई-पुण्याकडे होतात. तेथवर जायचे म्हणजे रात्रीचा प्रवास, तिकिटाचा खर्च आणि कामाचा खाडा. एवढी किंमत मोजून आलेल्या श्रोत्याची निराशा ही किरकोळ हौसेची निराशा राहत नाही. जो शब्द आपल्यासाठीच उच्चारला आहे असे त्याला वाटत होते, तो खरा होता की नव्हता, अशी शंका ती त्याच्या मनात निर्माण करते.

हिपहॉपचा उगम ध्वनिमुद्रणात नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी ‘कूल हर्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लाइव्ह कॅम्पबेल यांनी एका इमारतीच्या सभागृहात जो नाचगाण्याचा कार्यक्रम केला, तो या प्रकाराचा आरंभ मानला जातो. एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटूनपालटून वाजवून तालाचा तुकडा लांबवायचा, आणि त्यावर नाचणाऱ्यांना नावानिशी पुकारायचे, हे त्या प्रयोगाचे रूप होते. बोलणारा आणि ऐकणारे एकाच वस्तीतले होते. ‘रॅपर्स डिलाइट’ ही सुमारे साडेचौदा मिनिटांची तबकडी १९७९ साली आली आणि तिने या प्रकाराला प्रथमच व्यापक बाजारपेठ मिळवून दिली. म्हणजे सहा वर्षे हा प्रकार मुख्यतः प्रसंगातच जगला. पुढे मुद्रण हेच मूळ ठरले आणि प्रत्यक्ष प्रयोग त्याची नक्कल ठरला. महाराष्ट्रात तर हा क्रम बव्हंशी उलटूनच आला. अंधेरीचे ‘डिव्हाइन’ आणि कुर्ल्याचे ‘नेझी’ यांचे ‘मेरे गली में’ हे गीत २०१५ साली प्रसिद्ध झाले, २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट आला, आणि दूरदूरच्या गावांतील श्रोत्यांची या काव्याशी पहिली भेट पडद्यावर व इअरफोनमध्येच झाली.

या इतिहासामुळे रॅपला दोन घरे लाभली आहेत. पहिले घर परिचितांच्या कोंडाळ्याचे, जेथे आव्हान देणारा आणि आव्हान घेणारा समोरासमोर उभे असतात. दुसरे घर कानाच्या एकांताचे. रॅपमधील निवेदन प्रायः ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यातले असते. इअरफोन लावून बसलेला श्रोता कधी त्या ‘मी’शी तादात्म्य पावतो, तर कधी तो ‘तू’ आपणच आहोत असे समजून दचकतो. दोन्ही घरांत नाते जवळिकीचे आहे. हजारोंच्या मैदानी जलशात यांपैकी एकही घर नसते. तेथे श्रोता समूहातील एक अनामिक होतो आणि गायक दूरच्या पडद्यावरील प्रतिमा होतो. हरवलेल्या जवळिकीची भरपाई मोठ्या आवाजाने करण्याचा प्रयत्न होतो, आणि तोच प्रयत्न शब्दाच्या मुळावर येतो.

अभिनवगुप्ताने रसास्वादाचे सात विघ्न सांगितले आहेत. त्यांतील ‘प्रतीत्युपायवैकल्य’ आणि ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांतील उणीव आणि स्पष्टतेचा अभाव, हे दोन येथे अक्षरशः लागू पडतात. रॅपचा वेग मिनिटाला ९० मात्रांचा धरला आणि एका मात्रेत चार अक्षरे धरली, तर प्रत्येक अक्षराला सेकंदाचा सुमारे सहावा भाग मिळतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. श्रोत्याच्या मागे ५० मीटरवर भिंत असेल, तर तिच्यावरून परतणारा ध्वनी सेकंदाच्या तीन-दशांश भागाने उशिरा येतो; म्हणजे एका अक्षराचा प्रतिध्वनी पुढच्या दुसऱ्या अक्षरावर जाऊन आदळतो. शिवाय व्यंजनांची ओळख उच्च कंप्रतेच्या ध्वनींवर अवलंबून असते, आणि ढोलाचा खर्ज वाढला की ते ध्वनी त्याखाली झाकले जातात. ख्यालगायनात शब्द बुडाला तरी स्वर तरतो. रॅपमध्ये यमक, श्लेष आणि अक्षरांचा आघात हाच अलंकार असल्यामुळे शब्द बुडाला की काव्यच बुडते.

दुसरे कारण श्वासाचे आहे. याच वेगाने सोळा आवर्तनांचे कडवे म्हणण्यास सुमारे ४३ सेकंद लागतात. स्टुडिओत ते तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करता येते, एकावर एक आवाज चढवता येतात. श्वासाची जागा पुसून टाकता येते. पुण्याचे एमसी स्टॅन यांच्या ‘इन्सान’ (२०२२) या संग्रहात तर ऑटोट्यूनने घडवलेला आवाज हेच अभिव्यक्तीचे द्रव्य आहे. अशा रचनेचा कर्ता एक माणूस नसून माणूस आणि यंत्र यांचा संयोग असतो. रंगमंचावर ती जशीच्या तशी मागणे म्हणजे एका छातीकडून तिघांचा श्वास मागणे होय. मग मुद्रित आवाजाचा आधार घेतला जातो, आणि श्रोत्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. याच एमसी स्टॅन यांचा इंदूर येथील जलसा मार्च २०२३ मध्ये बाहेरच्या विरोधामुळे मध्येच थांबला होता; तसला भंग निराळ्या जातीचा. येथे विचार आहे तो जलसा निर्विघ्न पार पडूनही होणाऱ्या भंगाचा.

मराठी प्रयोगपरंपरेने या अडचणी ओळखलेल्या होत्या. पोवाड्यातील झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरतो, तेव्हा शाहिराला दम घेण्यास अवकाश मिळतो आणि श्रोत्याला अर्थ मुरवण्यास. कलगी-तुऱ्याचे सवालजवाब प्रतिपक्ष समोर असल्याखेरीज उभेच राहत नाहीत. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी वस्तीतल्या माणसांपुढे वस्तीचाच प्रश्न संवादातून मांडला. खुद्द विसरवाडीच्या परिसरात कोकणा समाजाच्या डोंगऱ्यादेव उत्सवात पावरीच्या सुरावर जे नृत्य चालते, त्याचे कोठे दुसरीकडे ‘मूळ’ नसते. तो प्रसंग हेच त्याचे मूळ. त्यामुळे तेथे कालच्यापेक्षा आज कमी रंगले असे म्हणता येते. पण मुद्रणापेक्षा वेगळे झाले, अशी तक्रार संभवत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, श्रोत्यालाच मुद्रणाची हुबेहूब आवृत्ती हवी असते; तो प्रत्येक ओळ पाठ करून येतो आणि ती गायकाच्या बरोबरीने म्हणतो. आक्षेपात तथ्य आहे. सहगान हा स्वतः दोष नव्हे. वारकरी भजनाचा तर तो प्राणच आहे. परंतु भजनातील ‘मी’ सर्वांना समान असतो. एका माणसाच्या अनुभवातून उठलेले आव्हान हजारो कंठांतून एकदम निघाले की ते घोषणेत विरते. मोबाइल उंच धरून प्रसंग साठवणारा श्रोताही त्याच प्रसंगापासून दुरावतो. आपल्याच सुखात गुंतून पडण्याच्या या अवस्थेला अभिनवगुप्ताने ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हटले आहे. तेव्हा निराशेतील काही वाटा श्रोत्याकडेही जातो.

अर्थात जलसा अपयशीच ठरावा असा काही नियम नाही. जे-झी यांनी २००१ साली ‘द रूट्स’ या वाद्यवृंदासह केलेला ‘अनप्लग्ड’ प्रयोग टिकला, कारण त्यात मुद्रित साथीची नक्कल नव्हती. जिवंत वादकांनी गीतांना नवी साथ दिली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ या रचनेत आरे वसाहतीतील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेतले. ही रचना मुद्रितच आहे. तरीही शब्द कोणाचा, कोणत्या जमिनीवरून आणि कोणाला उद्देशून उच्चारला आहे हे तीत लपत नाही. जलशाने टिकवावयाचे असते ते हेच. ते टिकले तर तुटलेला दमही अर्थपूर्ण होतो. ते हरपले तर निर्दोष आवाजही पोकळ वाटतो.

म्हणून हिपहॉपच्या जलशाचे परीक्षण करताना ‘मुद्रणासारखे झाले काय’ हा निकष सोडावा लागेल. त्याऐवजी शब्द पोहोचला काय, श्वासाला जागा होती काय, आणि समोरच्या माणसांमुळे रचनेत काही बदलले काय, हे तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल. विसरवाडीच्या दृष्टीने हा निकषांचा वाद केवळ शास्त्रीय नाही. त्या परिसरातील तरुण मावचीत किंवा भिलीत रॅप रचू लागला की त्याच्यापुढे दोन आदर्श असतील: एक महानगरातील प्रचंड मैदानाचा, दुसरा आपल्याच आवारातील कोंडाळ्याचा. पहिल्याची साधने त्याच्यापाशी नाहीत आणि त्या साधनांची उणीव हीच आपली उणीव, असा त्याचा समज होण्याचा धोका आहे. दुसऱ्यासाठी लागणारे सर्व काही मात्र त्याच्या भाषेत, तालात आणि शेजारात आधीपासूनच आहे.