सटवाईच्या रात्रीचे ‘शास्त्र’

जुन्या ग्रामजीवनावरील लेखांत सुईणीचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सारे अडाणीपण होते. दुसरा म्हणतो, पूर्वजांच्या प्रत्येक रूढीमागे शास्त्र होते. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्यासारख्या डोंगरी गावापासून थेट विदर्भापर्यंत परिचित असलेल्या सटवाईच्या पूजेवर हे दोन्ही सूर घासून पाहू.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत. आता नवजात बाळाचा धनुर्वात पाहा. तो बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत प्रकट होतो. पहिले दोन दिवस नीट दूध ओढणाऱ्या बाळाचा जबडा आवळतो, अंग ताठते. उपचाराविना जवळजवळ सारी बाळे दगावतात. म्हणजे भीती खरी होती.

मग शास्त्र होते म्हणायचे का? नाही. धोक्याची वेळ ओळखणे हे निरीक्षण. कारण शोधून ते तपासणे हे शास्त्र. इथे दोष सटवाईकडे गेला. नाळ कापणारा विळा आणि नाळेवर लावलेली राख किंवा शेण यांकडे कुणी संशयाने पाहिले नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू तर माती-शेणातच असतात! किटासाटो यांनी हा जंतू १८८९ मध्ये वेगळा केला.

हसणाऱ्यांनीही मात्र जपून हसावे. १८४६ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात शेकडा ११ बाळंतिणी दगावल्या. सुईणींच्या कक्षात शेकडा ३ हून कमी. शवविच्छेदनाचे हात नीट न धुता डॉक्टर प्रसूती करीत, हे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले. अनेक व्यवसायबंधूंनी ते धुडकावले. उलट आपल्याकडे तेराव्या शतकात चक्रधरांनी मासिक विटाळाची कल्पना शरीरधर्माचा दाखला देऊन नाकारल्याचे ‘लीळाचरित्र’ सांगते. तेव्हा विवेक हा काळावर किंवा पदवीवर अवलंबून नसतो.

भारतात माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यामागे आईला लस, स्वच्छ हात, निर्जंतुक पाते आणि कोरडी ठेवलेली नाळ आहे. बीजाणू मातीत आहेतच. म्हणून लस थांबवून चालणार नाही.

वर्गात ‘सटवाई खरी की खोटी?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘भीती त्याच रात्रीची का? आणि नुसता विळा उकळून घेतला असता, पण नाळेवर शेण तसेच लावले असते, तर?’ असे विचारावे. पुढचा शोध मुलेच घेतील.