‘छावा’ : कादंबरीतला माणूस आणि पडद्यावरचा योद्धा

गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की सर, ‘छावा’ पाहिला का? पाहिला. इथंच गोंदियात, नातवंडांसोबत. मराठी कादंबरीवरचा चित्रपट आम्ही हिंदीत पाहिला, पण त्याचं आपल्या या गावाला काय नवल! बाजारात हिंदी, घरात पोवारी, शाळेत मराठी, असं आपलं चाललेलंच असतं.

शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ची. लक्ष्मण उतेकरांचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५चा. चित्रपट सुरू होतो तोवर थोरले महाराज गेलेले आहेत, आणि लगेच बुऱ्हाणपूरची स्वारी. म्हणजे जन्मापासूनची तेवीस वर्षं पहिल्या फटक्यात वगळली. ज्याची आई दुसऱ्या वर्षीच गेली, पुरंदरच्या तहानंतर जो मिर्झाराजांकडे ओलीस राहिला, नवव्या वर्षी आग्रा पाहून आला, त्या पोराशिवाय पुढचा संभाजी कळतो का?

आमचं मुख्य भांडण मात्र दिलेरखानावरून आहे. १६७८च्या डिसेंबरात युवराज संभाजी स्वराज्य सोडून दिलेरखानाच्या छावणीत गेले. त्यानंतर भूपाळगड पडला, तिथल्या कैद्यांचे हात तोडले गेले. वर्षभरानं ते परत आले, पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. का गेले, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण गेले होते, हे कुणी नाकारत नाही. कादंबरीला हे प्रकरण टाळता येत नाही, चित्रपटाला टाळता आलं.

आता बघा, शेवटी औरंगजेबासमोर साखळदंडात उभा असलेला राजा ‘नाही’ म्हणतो. या नकाराला वजन कुठून येतं? ज्यानं कधी मोहच अनुभवला नाही, त्याचा नकार सोपा असतो हो. पण हा माणूस एकदा त्याच मोगलांच्या गोटात राहून आलेला आहे. तिथला पाहुणचार त्याला ठाऊक आहे, तिथल्या शब्दाची किंमतही ठाऊक आहे. दहा वर्षांनी तोच नाही म्हणतो, तेव्हा त्या नकारात जुन्या चुकीचा हिशोबही असतो. अॅरिस्टॉटल म्हणायचा, की शोकांतिकेचा नायक निव्वळ सज्जनही नको आणि दुर्जनही नको; त्याच्या हातून काही चूक घडलेली हवी. चित्रपटानं ती चूकच पुसली. मग विकी कौशलकडे उरतं ते सोसणं. ते तो जीव ओतून करतो, आमचा आक्षेप त्याच्यावर नाही.

गंमत पाहा. प्रदर्शनाआधी वाद झाला तो लेझीमवरून. राजे नाचतील कसे? दृश्य काढून टाकलं. पण राजांच्या आयुष्यातलं एक आख्खं वर्ष गाळलं, त्यावर आम्हाला तरी तेवढा आवाज ऐकू आला नाही.

छळाचा शेवटचा भाग फार लांब आहे. आमच्या पुढच्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा पोरगा तोंड फिरवून बसला होता, आणि त्याचा बाप त्याला पुन्हा पडद्याकडे वळवत होता. त्यातही कवी कलशाबरोबरची कवितेची देवाणघेवाण मात्र चांगली साधली आहे. ‘बुधभूषण’ लिहिणारा राजा तेवढ्यापुरता दिसून जातो. अक्षय खन्नाचा औरंगजेबही थकलेला, कमी बोलणारा आहे. खरं तर माणूस म्हणून तोच जास्त उभा राहिला.

१७ मार्चला नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, की या चित्रपटानं औरंगजेबाविषयीचा राग पुन्हा जागा केला. दंगलीचं खापर चित्रपटावर फोडायला आम्ही तयार नाही. दगड उचलणारा हात ज्याचा त्याचा असतो. पण प्रेक्षक थिएटरातून काय घेऊन निघतो, हे समीक्षकानं विचारायलाच हवं. आपल्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री ऐतिहासिक नाटक होतं, राजा मरतो, बायाबापड्या रडतात, आणि पहाटे तेच लोक नाटकातल्या सुभेदाराबरोबर चहा पितात. तिथं रडून मोकळं होता येतं. इथं अश्रू यायच्या आतच मुठी आवळल्या जातात.

कादंबरी जाड आहे, भाषा अलंकारिक आहे, मध्ये कंटाळाही येतो, हे मान्य. तरी ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी निदान दिलेरखानाचं प्रकरण काढून वाचावं. पुढच्या वेळी त्यावर बोलू. आता प्रश्न विचारा.