तीन कागदांवरचा एक अर्जदार : अमेरिकी लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयांच्या प्रवेशनिबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

परदेशी शिक्षणाची आपल्याकडील चर्चा बहुधा अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन या पदव्युत्तर अभ्यासक्रमांभोवती फिरते. बारावीनंतर थेट अमेरिकेतील लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयाकडे अर्ज करणारा विद्यार्थी या चर्चेत क्वचितच दिसतो. विल्यम्स (१७९३), ॲमहर्स्ट (१८२१), ग्रिनेल (१८४६), स्वार्थमोर (१८६४) ही या परंपरेतील काही नामवंत महाविद्यालये होत. आकाराने लहान, निवासी आणि प्रामुख्याने पदवीशिक्षणास वाहिलेल्या या संस्थांत विद्यार्थ्याला प्रवेश घेतानाच एका विषयाला बांधून घ्यावे लागत नाही. तत्त्वज्ञान, गणित, संगीत, जीवशास्त्र यांचा एकत्र अभ्यास करून मुख्य विषय त्याने पुढे निश्चित करावा, अशी येथील धारणा आहे.

प्रवेशाची पद्धतही आपल्या गुणवत्ता यादीहून सर्वस्वी भिन्न आहे. नववी ते बारावीचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेचा अहवाल आणि यांच्या जोडीला विद्यार्थ्याचा आत्मपर निबंध पाहिला जातो. १९७५ मध्ये पंधरा खासगी महाविद्यालयांनी सुरू केलेला ‘कॉमन ॲप्लिकेशन’ हा सामायिक अर्ज आज हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. त्यातील निबंधाची कमाल मर्यादा ६५० शब्दांची आहे. ‘आम्ही गुण पाहत नाही, संपूर्ण माणूस पाहतो’ हा या पद्धतीमागील दावा असतो. प्रस्तुत लेखात या निबंधाचा एक वाङ्मयप्रकार म्हणून विचार करून तो दावा तपासण्याचा प्रयत्न केला आहे. निबंध, आर्थिक पत्रक आणि व्हिसाची मुलाखत ही एकाच अर्जदाराची तीन आत्मकथने असून ती परस्परांशी जुळत नाहीत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

निबंधातील ‘मी’

काही वर्षांपूर्वी कनिष्ठ महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी आपल्या निबंधाचा मराठी कच्चा खर्डा घेऊन माझ्याकडे आली. तिची आई आणि काकू मिळून खानावळ चालवीत. पहाटे कणीक मळण्यापासून दुपारी रिकामे डबे मोजून घेण्यापर्यंतचा दिवस तिने नेमकेपणाने लिहिला होता. वाक्यांचा कर्ता सर्वत्र ‘आम्ही’ असा होता. आठवडाभराने ती दुसरा खर्डा घेऊन आली. एका सल्लागाराच्या सूचनेवरून ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ आला होता, काकू नाहीशी झाली होती आणि वडिलांचे आजारपण पहिल्या परिच्छेदात सरकले होते. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, ‘आम्ही’ लिहिलं तर त्यात ते मला कसं ओळखणार?”

तिचा प्रश्न रास्त होता. हा निबंध एका व्यक्तीची निवड करण्यासाठी मागवला जातो. त्यामुळे एक प्रसंग, त्यातील पेच, त्यातून आलेली जाण आणि शेवटी बदललेला ‘मी’ असा त्याचा साचा सहजच तयार होतो. मराठीतील आत्मकथनाची परंपरा मात्र या साच्यात सहजासहजी बसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये निवेदिकेइतकेच तिच्या भोवतीचे गोतावळ्याचे जग बोलते. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढे आलेल्या दलित स्वकथनांत ‘मी’ हा एका समूहाचा साक्षीदार असतो. तेथे दुःख येते ते व्यवस्थेवरील आरोप म्हणून. प्रवेशनिबंधात तेच दुःख वैयक्तिक चिकाटीचा पुरावा ठरते. अनुभव एकच असला तरी वाचक बदलताच त्याचा अर्थ बदलतो. ‘बलुतं’चा वाचक अस्वस्थ व्हावा ही अपेक्षा असते, तर प्रवेशनिबंधाच्या वाचकाने अर्जदारावर प्रसन्न व्हावे लागते.

‘संपूर्ण माणूस’ या निकषाचा इतिहास

गुणांपलीकडे पाहण्याची ही दृष्टी मुळातच उदार होती, असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. जेरोम काराबेल यांच्या ‘द चोझन’ (२००५) या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रवेशधोरणाचा सविस्तर मागोवा आहे. १९२० च्या दशकात परीक्षेच्या बळावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तेव्हा तिला आळा घालण्यासाठी ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष पुढे आणले गेले, असे त्यांनी दाखविले आहे. पुढे याच निकषांचा उपयोग वंचितांना दार उघडण्यासाठीही झाला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशधोरण रद्द ठरविले. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम अर्जदाराने स्वतः लिहिला असल्यास तो विचारात घेण्याची मुभा ठेवली. याचा अर्थ निबंधावरील भार वाढला. हा निकष स्वभावतः उदारही नाही आणि अनुदारही नाही. तो कोणाच्या हातात आहे, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

आर्थिक पत्रक : दुसरे आत्मकथन

अर्थसाहाय्य मागणाऱ्या अर्जदाराला बहुधा निबंधासोबत आणखी एक कागद भरावा लागतो. अनेक महाविद्यालये त्यासाठी कॉलेज बोर्डाचे ‘सीएसएस प्रोफाइल’ मागवितात. पालकांचे उत्पन्न, घर, बचत, कर्ज यांचा तपशील त्यात द्यावा लागतो. येथे ‘मी’ उरत नाही. कुटुंब पुन्हा ‘आम्ही’ होते, पण आकड्यांच्या रूपात. उपर्युक्त विद्यार्थिनीच्या घरी खानावळीचा हिशेब वहीत होता, आयकर विवरणपत्र नव्हते. निबंधात जिचे कष्ट वाङ्मयीन भांडवल ठरत होते, त्याच काकूची मिळकत या पत्रकात सिद्ध करता येत नव्हती.

ॲमहर्स्ट किंवा बोडन यांसारखी मोजकी महाविद्यालये परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज न पाहता निर्णय घेतात. इतर बहुसंख्य ठिकाणी परदेशी अर्जदाराला किती साहाय्य लागेल हे निवडीच्या वेळीच विचारात घेतले जाते. म्हणजे ‘संपूर्ण माणूस’ वाचताना त्याची ऐपतही वाचली जाते. भारत सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासासाठीच असल्याने या विद्यार्थ्यांना तिचाही आधार नाही. त्या मुलीला एका महाविद्यालयाने प्रवेश दिला, परंतु देऊ केलेले साहाय्य अपुरे होते. ती गेली नाही.

व्हिसाची खिडकी : तिसरे आत्मकथन

ती गेली असती तर तिला तिसऱ्यांदा आपली कथा सांगावी लागली असती. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(ब) नुसार विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्याने आपला तेथे कायम राहण्याचा हेतू नाही, याची अधिकाऱ्याला खात्री पटवावी लागते. निबंधात जो विद्यार्थी ‘मी कोण होईन हे मला अद्याप ठाऊक नाही’ असे मोकळेपणाने लिहितो, त्यालाच खिडकीपाशी आपण परत येणार हे ठामपणे सांगावे लागते.

या संदर्भात आनंदीबाई जोशी यांचे स्मरण उद्‌बोधक ठरते. त्यांचे महाविद्यालय वैद्यकीय होते, लिबरल आर्ट्‌सचे नव्हे. तरीही एका मराठी विद्यार्थिनीने अमेरिकी महाविद्यालयाला लिहिलेले हे एक आद्य प्रवेशपत्र आहे. १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली तयारी नियमांत बसणार नाही हे मान्य केले आणि स्वजनांचा व जातीचा विरोध पत्करून आणलेला निर्धार व देशभगिनींची गरज या बळावर प्रवेश मागितला. त्याच वर्षी प्रयाणापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली होती. परतीचे वचन तेव्हा स्वकीयांना द्यावे लागले, आज ते परकीय अधिकाऱ्याला द्यावे लागते. मात्र आनंदीबाईंच्या पत्रातील ‘मी’ला आपल्या मागे उभ्या असलेल्या स्त्रियांना वगळावे लागले नव्हते, हा फरक महत्त्वाचा वाटतो.

समारोप

या विवेचनावरून निबंधाची पद्धत त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. टक्केवारीच्या एका आकड्यात माणूस बसविणाऱ्या आपल्या पद्धतीने काकूला तर सोडाच, त्या मुलीलाही कधी काही विचारले नव्हते. तिला कोणी ‘तुझ्याविषयी लिही’ म्हटले, ते प्रथम परदेशातून. ही बाब आपणा अध्यापकांना अंतर्मुख करणारी आहे. तिच्यासाठी मी दिलेले पहिले शिफारसपत्र ‘विद्यार्थिनी सद्वर्तनी, अभ्यासू व होतकरू आहे’ अशा तीन ओळींचे होते. हे वाक्य माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला लागू पडले असते. दुसऱ्यांदा लिहिताना वर्गातील तिचा एक प्रश्न, त्यावर झालेला वाद आणि डब्यांच्या हिशेबातून तिने मांडलेले गणित मी आठवून लिहिले. आणि त्यासाठी मला तिच्याशी प्रथमच तासभर बोलावे लागले.

निबंधातून वगळलेली माणसे शिफारसपत्रात परत आणता येतात. शाळेच्या अहवालात घरची परिस्थिती दयेची याचना न करता, वस्तुस्थिती म्हणून नोंदविता येते. विद्यार्थ्याने पहिला खर्डा स्वतःच्या भाषेत लिहावा आणि ‘आम्ही’ खोडण्यापूर्वी तो आपण वाचावा, एवढे तर प्रत्येक महाविद्यालयात शक्य आहे. तीन कागदांत विभागलेला अर्जदार एकसंध पाहण्याची संधी त्याच्या शिक्षकालाच असते. ती आपण घेतली नाही, तर ‘संपूर्ण माणूस पाहतो’ हा दूरस्थ संस्थांचा दावा खोडून काढण्याचा नैतिक अधिकारही आपणास उरणार नाही.