अर्पणपत्रिकेतली अमेरिका : जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'चे टीकात्मक वाचन

'गुलामगिरी' (१८७३) या पुस्तकाची अर्पणपत्रिका तुम्हाला माहीत असेलच. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सज्जन लोकांना फुल्यांनी हे पुस्तक अर्पण केले आहे. आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छाही त्यांनी तिथे व्यक्त केली आहे. उत्तरपत्रिकेत यावर साधारण एकच वाक्य येते : 'फुल्यांची दृष्टी जागतिक होती.' वाक्य खरे आहे, पण त्याने वाचन संपते. फुल्यांनी अमेरिकेतले काय उचलले आणि काय बाजूला राहिले, हे आपण पाहू.

आधी अमेरिकेतली परिस्थिती. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले आणि कापूस पिकवणे फायद्याचे झाले. १७९० साली तिथे सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली ते चाळीस लाखांच्या जवळ पोहोचले. कापूस जमीन थकवतो, म्हणून मळेवाल्यांना सतत नवी जमीन लागे. ती पश्चिमेला होती आणि तिथे लोक राहत होते. १८३० च्या कायद्याने चेरोकी, क्रीक, चोक्टॉ अशा जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले आणि त्यांच्या शिवारात कापूस उभा राहिला. जुन्या राज्यांतले सुमारे दहा लाख गुलाम या नव्या मळ्यांकडे नेले गेले. त्यांतले कितीतरी बायका-मुलांपासून तोडून विकलेले होते.

उत्तर आणि दक्षिण यांचे भांडणही मुख्यतः याच नव्या जमिनीवरून पेटले. १८२० ची मिसूरी तडजोड, मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखावरून झालेली १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, या प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : नव्या मुलखात गुलामगिरी चालेल की नाही? १८६० मध्ये लिंकनच्या पक्षानेही गुलामगिरीचा विस्तार थांबवण्याचेच वचन दिले होते, जुन्या राज्यांतून ती उठवण्याचे नव्हे. उत्तरेतल्या पुष्कळ शेतकऱ्यांना पश्चिमेची जमीन स्वतःसाठी हवी होती. गुलामांविषयी त्यांना कळवळा होताच असे नाही. सर्वस्व पणाला लावणारे मुक्तिवादी होते, पण थोडे होते. शिवाय गुलाम स्वतः मळे सोडून पळाले आणि जवळजवळ एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या फौजेत लढले. अर्पणपत्रिकेत आभार सोडवणाऱ्यांचे आहेत, सुटण्यासाठी लढलेल्यांचे नाहीत.

मग फुले चुकले काय? असे घाईने म्हणू नये. अर्पणपत्रिका हा इतिहासाचा धडा नव्हे. गोऱ्यांनी गोऱ्यांशी लढून काळ्यांना सोडवले, तर इथल्या सुशिक्षित ब्राह्मणांनी शूद्रांसाठी काय केले, हा तिच्यातला टोमणा आहे. तो लागू पडायचा तर अमेरिकन माणूस निःस्वार्थीच दाखवावा लागतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती, हे आज आपल्याला दिसते. पुण्यात बसून लिहिणाऱ्या लेखकाकडून त्याचा हिशेब मागणे अन्यायाचे होईल.

माझी अडचण वेगळी आहे. इंग्रजी प्रस्तावनेत फुले आणखी एक तुलना करतात. युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर जे क्रौर्य केले, तसेच आर्यांनी इथल्या मूळ लोकांवर केले, असे ते म्हणतात. म्हणजे एकाच पुस्तकात दोन अमेरिका आहेत : गुलाम सोडवणारी आणि मूळ रहिवाशांना चिरडणारी. पण दुसरी अमेरिका येते ती वसाहतीच्या आरंभकाळातली, जुनी होऊन गेलेली म्हणून. प्रत्यक्षात १८७३ मध्ये कॅलिफोर्निया-ओरेगनच्या सीमेवर मोडोक जमातीशी अमेरिकी फौज लढत होती. दोन्ही अमेरिकांना जोडणारा दुवा जमिनीचा आहे आणि 'गुलामगिरी'त तो दुवा जुळत नाही. इथे दास्य मुख्यतः धर्मग्रंथांतून, कपोलकल्पित अवतारकथांतून आणि विद्याबंदीतून उलगडते. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात मत्स्य, कच्छ, वराह एकेक करून सोलले जातात. तो भाग आजही वाचताना हसू आणि संताप एकत्र आणतो, हे सांगायलाच हवे.

हे टिपण मी जबलपूरच्या गोहलपुरात बसून लिहितो आहे. याच शहरात गढा आणि मदन महाल आहेत, गोंड राजांच्या खुणा. गढा-मंडला आधी सागरच्या मराठ्यांनी घेतले, मग ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ च्या सुमारास इंग्रजांकडे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना इथेच तोफेच्या तोंडी दिले. मूळचे कोण आणि उपरे कोण, हा 'गुलामगिरी'चा प्रश्न इथे विचारला तर उत्तरात मराठी माणूसही सापडतो. आपल्याला ते आवडत नाही, पण ते वगळून फुल्यांची तुलना पुढे नेता येणार नाही.

फुले स्वतः जमिनीपाशी आले ते दहा वर्षांनी, 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये. तिथे भटशाही आहेच, पण तिच्या जोडीला सारा, कर्ज, कोर्टकज्जे, पाण्याचे बंधारे आणि शेतकऱ्यांची गायराने गिळणारे सरकारी जंगल खातेही आहे. अमेरिकेचा इतिहास ज्या जागी बोट ठेवतो, तिथे फुले शेतकऱ्याच्या बांधावरून चालत पोहोचले. म्हणून 'गुलामगिरी'ची इंग्रजी प्रस्तावना आणि 'असूड'मधला जंगल खात्याविषयीचा मजकूर एका बैठकीत वाचा. वाचताना जबलपूरशेजारच्या मंडला जिल्ह्याचा नकाशा समोर असू द्या. 'असूड'नंतर सातच वर्षांनी, १८९० मध्ये, तिथल्या बैगांना त्यांची डोंगरउतारावरची फिरती शेती करायला सरकारने एक तुकडा आखून दिला. त्याचे नाव बैगा चक. बाकीचे जंगल राखीव झाले.