पाच टक्के कशाचे?

मेंदूतल्या गाठीला रेडिएशन द्यायचे ठरले, की घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो : ‘बाकीच्या मेंदूला काही होणार नाही ना?’ वैद्यकशास्त्र या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देते. मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. वाचनालये, जुनी नियतकालिके आणि विचारलेल्या शंकांना उत्तरे देणारी भली माणसे, एवढीच माझी शाळा. पण बरीच वर्षे हे शोधनिबंध वाचल्यावर माझे एक मत झाले आहे. आकडा चुकीचा असतो असे नाही; तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

सुरुवात १९९१ च्या तक्त्यापासून करू. अमेरिकेतील इमामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणता अवयव किती रेडिएशन सोसतो, याची यादी केली. संपूर्ण मेंदूला ४५ ग्रे किंवा त्याच्या एक तृतीयांश भागाला ६० ग्रे दिल्यास पाच वर्षांत ५ टक्के रुग्णांमध्ये ऊती मरण्याचा धोका, असा त्यांचा हिशेब होता. (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणांचे एकक.) पुरावा तोकडा पडला तिथे अनुभवी डॉक्टरांचे मत धरले होते, आणि लेखकांनी ते लपवलेही नव्हते. २०१० मध्ये ‘क्वांटेक’ या प्रकल्पाने नवा आढावा घेतला. मेंदूच्या काही भागाला दररोज २ ग्रे या बेताने उपचार दिले, तर ५ टक्के धोका ७२ ग्रेला आणि १० टक्के धोका ९० ग्रेला, असे त्यात निघाले. प्रत्यक्ष उपचार बहुतेक वेळा ५४ ते ६० ग्रेच्या आसपास थांबतात. म्हणजे निश्चिंत व्हावे?

इथे विचारायला हवे, की पाच टक्के कशाचे? तर ‘नेक्रोसिस’चे, म्हणजे लक्षणे दिसण्याइतपत ऊती मृत होण्याचे. दुकानाचा हिशेब ज्याच्या डोक्यात राहत नाहीसा झाला तो माणूस, वर्गात मागे पडत चाललेली मुलगी, बोलताना शब्द न सापडणाऱ्या आजी यांची गणती त्यात नाही. लहान मुलांच्या संपूर्ण मेंदूला १८ ग्रे किंवा अधिक डोस मिळाला तर आकलनात फरक पडतो, असे त्याच आढाव्यात नोंदवले आहे. पण टक्केवारीचा जो आलेख पुढे सर्वत्र वापरला गेला, तो नेक्रोसिसचा. जे मोजायला सोपे, त्याचेच भाकीत झाले.

आणि तेही तितकेसे सोपे नाही. रेडिएशनने मेलेली ऊती आणि पुन्हा वाढू लागलेली गाठ एमआरआयवर पुष्कळदा सारखीच दिसतात. खात्री करायची तर शस्त्रक्रिया करून तुकडा तपासावा लागतो, आणि तो प्रत्येकाचा तपासला जात नाही. आज संगणकाला हजारो चित्रे दाखवून भाकीत करायला शिकवतात. पण त्याला दिलेली उत्तरेच जिथे अंदाजाची, तिथे त्याच्या अचूकतेचा आकडाही जपूनच वाचावा.

स्मरणशक्तीचे भाकीत करण्याचे प्रयत्न नंतर झाले. आठवणी जिथे घडतात त्या हिपोकॅम्पस या भागाकडे लक्ष गेले. गोंडी यांच्या अभ्यासातून ७.३ ग्रे ही मर्यादा पुढे आली : दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसच्या ४० टक्के भागाला याहून अधिक डोस मिळाला, तर ऐकलेल्या शब्दांची यादी नंतर आठवणे कठीण जाते. हा आकडा दूरवर पोहोचला. त्यामागचे रुग्ण किती? अभ्यासात २९ जण होते. दीड वर्षानंतरची चाचणी पूर्ण करणारे १८. पुढे युरोपातल्या एका गटावर हे सूत्र लावून पाहिले, तेव्हा ते टिकले नाही. तरी कल्पना वाया गेली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत, हिपोकॅम्पस वाचवून संपूर्ण मेंदूला रेडिएशन दिलेल्यांमध्ये आकलन ढासळण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळला. दिशा बरोबर, आकडा कच्चा, असा हा प्रकार आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले काम मला म्हणूनच मोलाचे वाटते. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २८ तरुण रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले, की डाव्या टेम्पोरल लोबच्या १३ टक्क्यांहून अधिक भागाला ४३.२ ग्रेपेक्षा जास्त डोस मिळालेल्यांचा बुद्ध्यांक घसरला. २८ हा आकडाही लहानच. पण ते तिथे थांबले नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी २०० मुले व तरुणांची चाचणी प्रसिद्ध केली. सर्वांना ५४ ग्रेच. फरक एवढाच, की निम्म्यांना अधिक नेमकेपणाने आखलेले. पाच वर्षे बुद्ध्यांक आणि संप्रेरके तपासली, आणि नेमक्या आखणीचा गट दोन्हींत सरस ठरला. घरच्यांचा मूळ प्रश्न इथे खऱ्या अर्थाने विचारला गेला होता.

एक गोष्ट मात्र आपल्यालाच करावी लागेल. अमेरिकी चाचण्यांत बारा इंग्रजी शब्दांची यादी वापरतात. अहिराणी बोलणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या बाईची आठवण पुस्तकी मराठी यादीने मोजली, तर आपण तिची स्मृती मोजतो की शिक्षण?

यातून रेडिएशन टाळावे, असा अर्थ कुणी काढू नये. वाढती गाठही मेंदूचे नुकसानच करते, आणि पुष्कळदा अधिक. पण कोणी टक्केवारी सांगितली, तर तीन प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे : नुकसान म्हणजे नेमके काय धरले आहे, किती माणसांवरून, आणि दुसऱ्या रुग्णांवर ते पडताळले का? शिवाय एक विनंती करता येते. उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाची स्मरणशक्ती त्याच्या भाषेत तपासून नोंदवून ठेवा. ती नोंद नसेल, तर दोन वर्षांनी काय गेले हे घरच्यांना जाणवेल, पण कोणत्याही अभ्यासात ते मोजले जाणार नाही.